भिवंडीच्या पेठेत राणीछाप

लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीचा रुपया ठेवण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. वर्षभर हा रुपया कुठे असतो, हे घरातल्या कर्त्या बाईखेरीज कोणाला ठाऊक नसते. आश्विनातल्या अमावास्येला तो बाहेर येतो, चिंचेच्या कोळाने आंघोळ करतो, हळदीकुंकू लावून घेतो आणि चार दिवसांनी पुन्हा आपल्या डब्यात जाऊन बसतो. बाजारात त्याला काय किंमत येईल, असा विचार आमच्या घरात तरी कधी कोणाच्या मनात आला नव्हता. तो विचार करण्याची पाळी दसरा झाल्यावर आली, आणि त्यासाठी मला भिवंडीला जावे लागले.

त्याचे असे झाले. माझी एक आत्या भिवंडीला असते. वय ब्याऐंशी. मी स्वतः सत्तरीला टेकलो आहे. पण तिच्या लेखी मी अजून ‘बाळ’च. एके दिवशी सकाळी तिचा फोन आला.

‘‘अरे बाळ, आपल्या डब्यातल्या राणीछाप रुपयाचे सात लाख येतात म्हणे!’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘शेजारच्या पोरानं मोबाइलवर दाखवलं. मग त्या माणसाचाच फोन आला. फार अदबीनं बोलला हो. आधी नोंदणीचे अडीच हजार भरायचे आहेत, मग ते घरी येऊन नाणी घेऊन जाणार. ते अडीच हजार फोनवरून कसे पाठवायचे, तेवढं सांग.’’

मी तिला थांबायला सांगितले. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून लोकांना सावध केले होते, ते मला आठवत होते. जुनी नाणी आणि नोटा यांच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही, त्यासाठी आम्ही शुल्क घेत नाही आणि आमच्या नावाने ते घेण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असे बँकेने त्यात स्वच्छ सांगितले होते. हे सारे मी आत्याला फोनवर समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘बरं, पण मग सात लाख कोण देणार?’’

आमची सौ. शेजारीच बसली होती. ‘‘फोनवर सांगून आत्याबाई ऐकायच्या नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या सकाळची गाडी धरू.’’

आत्याला पैशाची हाव नाही, हे इथेच सांगून ठेवतो. तिच्या नातीला नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता आणि फीचा पहिला हप्ता दिवाळीच्या आत भरायचा होता. मुलगा यंत्रमागावर कारकून. मागाचा धंदा मंद चाललेला. तेव्हा आत्याने डबा काढला होता, तो नातीसाठी.

ठाण्याहून भिवंडीला जाणारा जुना आग्रा रस्ता बाळकूम सोडून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडतो. माझ्या लहानपणी पुलापलीकडे भाताची खाचरे लागत. आता काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी एकेक गावे येतात ती गोदामांच्या रांगा घेऊनच. मुंबई-ठाण्याच्या घरांत जो माल उद्या दारात येऊन पडायचा, तो आज इथे थप्पी लावून ठेवलेला असतो. अंजूरफाट्यापासून गर्दी सुरू होते आणि धामणकर नाक्यापाशी पोचेपर्यंत कानांना यंत्रमागांची खटखट लागते. त्या खटखटीत भिवंडीची माणसे शांतपणे झोपतात. माग थांबला, तरच त्यांना जाग येते.

गाव मात्र मागांहून फार जुने. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्याही साडेसहाशे वर्षे मागे गेले, तर हा सारा मुलूख ठाण्याच्या शिलाहार राजांचा. तालुक्यातल्या भादाणे गावाच्या दानाचा शिलाहार अपराजिताचा ताम्रपट शके ९१९ चा, म्हणजे इसवी सन ९९७ चा आहे. लोनाडला लेणी आहेत, आणि तिथूनच जवळ चौधरपाड्याला शिलाहारांचा शिलालेख सापडला. ज्या भूमीत इतकी राज्ये आली आणि गेली, तिथल्या डब्यांत आणि मडक्यांत नाणी उरली, तर नवल नाही.

आत्याचे घर ब्राह्मण आळीत. पोचताच चहा झाला आणि मग पितळी डबा पुढे आला. आत्याने पाटावर धुतलेले फडके पसरले आणि नाणी मांडली. मी मोजली. बेचाळीस भरली. त्यांत मोठे चांदीचे रुपये सदतीस, दोन पांढुरके रुपये, तीन तांब्याच्या शिवराया. डब्याच्या तळाशी हळदीच्या कापडाची एक पुरचुंडी होती; ती आत्याने उचलून बाजूला ठेवली.

‘‘ही नाही मोजायची,’’ ती म्हणाली. ‘‘ही देवीची आहे.’’

रुपये आरशासारखे लखलखत होते. ‘‘साठ वर्षं मी दर दिवाळीला घासते,’’ आत्या अभिमानाने म्हणाली. ‘‘आधी चिंच, मग रांगोळी. माझ्या सासूबाईही तशाच घासायच्या.’’

आम्ही तिघे डबा घेऊन बाजारपेठेत निघालो. पहिल्याने गेलो, ते आत्याच्या नेहमीच्या सराफाकडे. सराफ हा शब्दच मुळी नाणी पारखून बदलून देणाऱ्याचा आहे. दागिने त्याच्याकडे मागाहून आले. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात चालत. प्रत्येकाचे वजन आणि कस निराळा. कोणत्या रुपयावर किती बट्टा कापायचा, ते सराफ ठरवी. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सगळीकडे एकच रुपया चालू केला आणि सराफाचे ते महत्त्व ओसरले. पण नजर पिढ्यान्‌पिढ्या टिकली असावी. या सराफाने नाण्यांकडे पाहिले न पाहिले, तोच तीन ढीग केले.

‘‘हे सव्वीस रुपये जुन्या चांदीचे,’’ तो म्हणाला. ‘‘राणी, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज. एक तोळा वजन, शंभरात साडेएक्क्याण्णव भाग चांदी. हे अकरा सहाव्या जॉर्जचे, १९४० ते ४५ मधले. वजन तेच, पण लढाईचे दिवस; सरकारने चांदी निम्मी केली. आणि हे दोन १९४७ चे. आजी, यांत चांदी नाहीच. हे निकेलचे.’’

त्याने गल्ल्यातून लोहचुंबक काढले. १९४७ चे रुपये टपकन जाऊन त्याला चिकटले. इतकी वर्षे लक्ष्मीच्या ताटात बसलेले ते रुपये असे लोंबकळताना पाहून आत्याचा चेहरा पडला.

मी मनात हिशोब मांडला. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. जुन्या रुपयात शुद्ध चांदी निघते सुमारे १०.७ ग्रॅम, लढाईच्या रुपयात ५.८३. शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्ही रुपये सारखेच दिसतात. सराफाच्या काट्यावर एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. सराफाने त्या दिवसाच्या भावाने आकडा सांगितला. झीज आणि आटणीची घट त्याने वजा धरली होती, आणि तीही बोलून दाखवली. आकडा वाईट नव्हता. फीच्या हप्त्याच्या आसपास जात होता. पण सात लाख कुठे आणि हे कुठे!

‘‘अहो, पण राणीछाप आहे ना?’’ आत्याने शेवटचा प्रयत्न केला.

सराफ हसला. ‘‘आजी, मी चांदीचे पैसे देतो. राणीचे पैसे देणारे गृहस्थ वेगळे आहेत. मंडईमागे, पहिल्या मजल्यावर. माझ्याकडे मोडीत काही बरं आलं, तर मीच त्यांना बोलावतो. आधी त्यांना दाखवा. ते नको म्हणाले, तर माझा भाव आहेच.’’

गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारा दुकानदार पाहून सौ.ने त्याच्याकडून एक चांदीची वाटी घ्यायचे तेव्हाच ठरवून टाकले.

मंडईमागच्या त्या जिन्यावरून आत्याला वर नेताना आम्हा दोघांची पुरेवाट झाली. वर एक लहानशी खोली. लोखंडी कपाट, लाकडी मेज, मेजावर हिरवी बनात, एक नाजूक काटा आणि एक घडीचे भिंग. गृहस्थ साठीचे. पूर्वी ते कोऱ्या कापडाची दलाली करीत. भिंगही त्याच धंद्यातले होते. कापडाच्या इंचात धागे किती, ते मोजायचे. ‘‘कापड बघा काय, नाणं बघा काय,’’ ते म्हणाले, ‘‘जो मालक सांगतो त्यावर भाव ठरत नाही. भिंगाखाली दिसतं, त्यावर ठरतो.’’

त्यांनी एकही नाणे तोंडावर बोट टेकवून धरले नाही. सगळी कडेला चिमटीत. एक रुपया भिंगाखाली धरला, फिरवला, आणि आत्याकडे पाहून विचारले, ‘‘आजी, राणीसरकारचं नाक कुठे गेलं?’’

आत्या गोंधळली. मग त्यांनी दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. केसांच्या बटा सपाट, मुकुटाचे खडे गुळगुळीत, गाल आणि कपाळ एक झालेले.

‘‘रांगोळीने घासता ना?’’

‘‘दर दिवाळीला!’’

‘‘तेच. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. साठ वर्षं म्हणजे साठ वेळा कानस फिरवल्यासारखं झालं. आणि जुन्या चांदीवर जी करडी-निळसर छटा येते ना, ती तुम्हाला मळ वाटते. नाणी जमवणाऱ्याला ती खरेपणाची खूण वाटते. ती गेली की त्याच्या लेखी नाणं आजारी. चमकतं, पण आजारी.’’

आत्याला हे पटणे कठीण होते. ज्या हातांनी ते रुपये इतकी वर्षे सांभाळले, त्याच हातांनी त्यांची किंमत घासून टाकली, असे हा परका मनुष्य सांगत होता. तिने फडक्याचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

मी विषय बदलावा म्हणून विचारले, ‘‘पण तुम्ही भाव ठरवता तरी कसा?’’

गृहस्थांना बोलायला आवडत होते. त्यांनी चहा मागवला आणि बोटे मोडीत सांगायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न, नाणे खरे आहे का? वजन, आवाज, कड, अक्षरांची धार हे सारे पाहायचे. ओतून केलेल्या खोट्या नाण्याच्या कडेला कधी सांधा दिसतो, अंगावर बारीक खड्डे दिसतात आणि आवाज बद्द येतो. जे नाणे दुर्मिळ, त्याच्या नकला अधिक. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार थोडा उरला. म्हणून बाजारात १९३९ चे रुपये मुबलक दिसतात. ‘‘असा रुपया कोणी आणला,’’ ते म्हणाले, ‘‘की मी आधी सालातला शेवटचा आकडा भिंगाखाली घेतो. आठाचा नऊ केलेला असतो.’’

दुसरा प्रश्न, नाणे कोणते? राजा, साल, टांकसाळ. मुंबईची टांकसाळ कोणती खूण करते, कलकत्त्याची कोणती नाही, हे ठाऊक हवे. १८६२ साल घातलेले राणीचे रुपये पुढे दहा-बारा वर्षे तेच साल घालून पाडले गेले. तेव्हा नाण्यावरच्या सालावर भरवसा ठेवून चालत नाही. मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजावे लागतात.

तिसरा प्रश्न, अशी किती उरली? इथे लोकांची हमखास फसगत होते. जुने म्हणजे महाग, असा आपला समज. गृहस्थांनी नाशिककडची गोष्ट सांगितली. जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकल्यावर आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली. ‘‘वय दोन हजार वर्षांच्या घरात. पण एका मडक्यातून तेरा हजार निघाली की ती दुर्मिळ कशी राहतील? उलट शंभर वर्षांच्या आतला एखादा रुपया वितळून गेल्यामुळे त्याहून भाव खातो.’’

‘‘आणि हो,’’ ते थांबून म्हणाले, ‘‘मातीने माखलेला ढीग घेऊन कोणी आलं, तर मी हात लावत नाही. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांच्या वरचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. १८७८ चा कायदा आहे.’’

चौथा प्रश्न, नाणे आहे कसे? तेच नाणे, तेच साल. एक बाजारातून फिरून आलेले, दुसरे टांकसाळीतून निघाल्यासारखे. दोहोंच्या किमतीत दसपट, वीसपट फरक पडतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थांनी १९४९ मध्ये नाण्यांना एक ते सत्तर असे गुण द्यायची रीत काढली. त्यांची कल्पना अशी, की सत्तर गुणांचे नाणे एका गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे असावे. किमतीचा तो हिशोब टिकला नाही, गुण मात्र टिकले. आज परीक्षा झालेली नाणी गुणांची चिठ्ठी लावून प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन येतात. सौ. म्हणाली, ‘‘म्हणजे नाण्यांनाही दहावीचा निकाल!’’

‘‘आणि नापास कोण, ते सांगतो,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘भोक पाडलेलं, कडी लावलेलं आणि घासलेलं. बायकांच्या पुतळ्यांच्या माळा असतात ना? पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. समुद्रावरून आपल्या बंदरांत आलं. त्यावरच्या उभ्या माणसांना आपल्या बायका पुतळ्या म्हणू लागल्या. पण माळेसाठी डाग देऊन कडी बसवली की ते नाणं राहत नाही, दागिना होतो. मग मला सोन्याचा भाव द्यावा लागतो.’’

पाचवा प्रश्न त्यांनी सर्वांत शेवटी सांगितला, आणि मला वाटते, दुकानदार तो सहसा सांगत नसावेत. घेऊन विकायचे कोणाला? ‘‘मी शंभरला विकू शकेन, असं नाणं मी साठ-सत्तरला घेतो. गिऱ्हाईक ठरलेलं असेल, तर ऐंशीलाही घेईन. वर्षभर कपाटात पडून राहील असं दिसलं, तर पन्नासच्या वर जाणार नाही. लोकांना वाटतं, लुबाडतो. पण माझे पैसे अडकतात, पारख चुकली तर खोटं नाणं माझ्याच गळ्यात पडतं. हे मी तोंडावर सांगतो. मग द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.’’

एवढे सांगून ते आत्याच्या नाण्यांकडे वळले. तीन शिवराया त्यांनी प्रेमाने पाहिल्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीला ‘छत्रपति’. हातोडीने ठोकून पाडलेले नाणे; ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून सगळी अक्षरे एकाच नाण्यावर क्वचित येतात. अक्षरे जितकी पुरी, तितका भाव. शिवराई राज्याभिषेकापासून सुरू झाली आणि पेशवाई संपल्यावरही लोकांच्या हातात होती. म्हणून ती पुष्कळ उरली. आत्याच्या तिन्ही शिवरायांवर मिळून एक ‘छत्रपति’ पुरता होत नव्हता. ‘‘या विकू नका,’’ ते म्हणाले. ‘‘मी देईन, त्याहून तुमच्या घरात यांची किंमत जास्त आहे.’’

त्यांनी कपाटातून स्वतःचा एक लहानसा जाड चांदीचा तुकडा काढून दाखवला. गधैया जातीचे नाणे. त्यावर शिलाहार राजा छित्तराजाचे नाव. अकराव्या शतकातले. ‘‘हे आपल्या मातीतलं. नाव नसलेली गधैया मूठभर मिळतात. नाव आलं की माणसं मागे लागतात. हे मी विकत नाही.’’

‘‘मग हे रुपये?’’ आत्याने विचारले.

‘‘आजी, खरं सांगतो. सराफाने सांगितला तोच भाव. हे आता चांदी आहेत. त्याला द्या, तो वजनात खोटा नाही.’’

आम्ही आवराआवर करू लागलो. तेवढ्यात डब्यातली पुरचुंडी त्यांना दिसली. ‘‘यात काय?’’

आत्या गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं, हे सोडायचं नाही. त्यांच्या सासूबाईंनी मुलगा व्हावा म्हणून नवस बोलून रुपया बांधला होता. मुलगा झाला, माझे सासरे. पण त्याच बाळंतपणात त्या गेल्या. नवस कुठल्या देवीचा, ते सांगणारीच राहिली नाही. आमच्या घरच्या बायका नवस बोलत त्या वज्रेश्वरीला, म्हणून तिचाच असणार. पण फेडायचा कोणी? सासूबाई म्हणत, जिनं बोललं तिचा तो. तसाच राहिला.’’

‘‘सासरे कधीचे?’’ मी विचारले.

‘‘बारा सालचे.’’

गृहस्थ ताठ बसले. त्यांनी मागितले नाही. नुसते आत्याकडे पाहत राहिले. आत्याने बराच वेळ विचार केला. नातीच्या फीचा विचार असावा. मग तिने स्वतःच गाठ सोडली. शंभर वर्षांवरची गाठ, सुटेना. सौ.ने पिनेने सैल केली. आत जुन्या हळदीत एक रुपया होता. मळकट, करडा, कडेला निळसर. आमच्या डोळ्यांना त्या लखलखीत ढिगापुढे अगदी गरीब वाटावा असा.

गृहस्थांनी तो कडेला धरून भिंगाखाली घेतला आणि काही वेळ बोललेच नाहीत. मग भिंग माझ्या हातात दिले. पाचवा जॉर्ज, १९११. मिशीचा केस न्‌ केस दिसत होता. राजाच्या झग्यावर हत्ती आहे, तो पाहा, असे त्यांनी सांगितले. मला तो हत्ती वाटेना. सोंड आखूड, पाय ठेंगणे.

‘‘डुक्कर वाटतो ना? लोकांनाही तसाच वाटला. रुपयावर डुक्कर म्हणून गवगवा झाला. सरकारने खजिन्यात उरलेले रुपये वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढून नवा ठसा केला. जे आधीच बाहेर गेले, ते फिरून झिजले. हा कुठे फिरलाच नाही. बाजारात गेला नाही, ताटात आला नाही, कोणी घासला नाही.’’

त्यांनी आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही. पुढच्या वर्षी तो खोटा ठरेल. एवढेच सांगतो, की आत्याच्या दहा घासलेल्या रुपयांच्या चांदीला जेवढे मिळत होते, तेवढे या एका रुपयाला ते देत होते. आणि आपण तो कितीला विकू, हेही त्यांनी सांगितले.

सौ. हळूच म्हणाली, ‘‘आत्याबाई, देवीला रुपया बोललेला आहे. हा विकून तेवढे पैसे देवीच्या पेटीत टाकले, तर तिला जास्तच मिळेल की.’’

मलाही ते व्यवहाराचे वाटले. आत्याने मान हलवली. ‘‘जास्त मिळेल, पण तिला बोललेलं मिळणार नाही. त्या बाईनं हा बांधला होता. तिच्याजवळ तेवढाच असेल, कोणाला माहीत? मी उघडला तो मोहानं. आता फेडते.’’

मला वाटले, गृहस्थ काहीतरी बोलून पाहतील. त्यांनी फक्त विचारले, ‘‘एक फोटो घेऊ का?’’ फोटो घेतला, रुपया त्याच हळदीच्या कापडात ठेवला आणि आत्याच्या हातात देताना दोन्ही हातांनी दिला.

सराफाकडे परत जाऊन आत्याने जुन्या चांदीचे वीस आणि लढाईचे अकरा रुपये दिले. काट्यावर ठेवताना तिने एकदाही पाहिले नाही. पैसे मोजून झाले. हप्त्याला थोडे कमी पडत होते, तेवढे मी घातले. ‘‘उसने हो,’’ आत्या म्हणाली. सौ.ने वाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वज्रेश्वरीला गेलो. हे देऊळ वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी बोललेला नवस फेडला, त्याचे. म्हणजे स्थळच नवस फेडण्याचे. दगडी पायऱ्या चढताना आत्या दर पाचव्या पायरीला थांबत होती. मुठीत पुरचुंडी. वर गेल्यावर तिने कापड सोडले, रुपया देवीपुढे धरला आणि दानपेटीत टाकला. आत पडताना तो खणखणीत वाजला. गृहस्थांनी ऐकला असता, तर खऱ्या नाण्याचा आवाज म्हणाले असते.

उतरताना मला राहवले नाही. ‘‘आत्या, पेटी उघडतील, तेव्हा मोजणारा तो एक रुपयाच धरील.’’

‘‘मग? रुपयाच तर बोलली होती.’’

लक्ष्मीपूजनाला मी मुद्दाम भिवंडीला फोन केला. उरलेले सहा रुपये, तीन शिवराया आणि ती दोन निकेलची नाणी ताटात होती. मी विचारले, ‘‘या वेळी घासले नाहीस ना? नुसत्या पाण्यानं धुवायचे, असं त्या गृहस्थांनी सांगितलं आहे.’’

‘‘इश्श,’’ आत्या म्हणाली, ‘‘विकायचे थोडेच आहेत आता! चांगले चिंच लावून, रांगोळीनं घासले. लख्ख दिसताहेत.’’